इंटरलागोसचा पाऊस: मॅक्सचं कसब की फुकटचे टायर?

बिनछत्रीचा

मंडळी, फॉर्म्युला वनची २०२४ ची ब्राझीलची शर्यत (इंटरलागोस ट्रॅकवरची) बघून चोवीस तास उलटले तरी डोक्यातून उतरत नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शनिवारची पात्रता फेरी पावसाने धुऊन नेली, ती रविवारी सकाळी साडेसातला घेतली. तिच्यात पाच लाल झेंडे, म्हणजे पाचदा सगळं थांबवलं. मॅक्स वर्स्टॅपेन बारावा, त्यावर नव्या इंजिनापायी पाच जागांची शिक्षा, म्हणजे सुरुवात सतराव्या जागेवरून. अजिंक्यपदासाठी त्याच्याशी झुंजणारा नॉरिस पहिल्या जागेवर. गुणांतलं अंतर कमी करायला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता, नॉरिसपुढे अक्षरशः ताट वाढून ठेवलं होतं. आणि झालं काय? सतराव्यावरून निघालेला गडी एकोणीस सेकंदांनी जिंकला, नॉरिस सहावा.

माझं म्हणणं सरळ आहे. ही शर्यत मॅक्सला लाल झेंड्याने दिली. नॉरिस आणि रसेल पिटमध्ये जाऊन, वेळ घालवून टायर बदलून आले. मॅक्स, ओकॉन, गॅस्ली बाहेरच राहिले. मग कोलापिंतो सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांना हळू नेणारी गाडी) मागे चालवताना भिंतीत गेला, लाल झेंडा लागला, आणि या तिघांना उभ्या गाडीला नवे टायर. एक सेकंद न मोजता! हा नियम काढून टाकायला हवा. तुम्हाला काय वाटतं, कसब किती आणि नशीब किती?

(मी नॉरिसचा चाहता आहे हे आधीच सांगतो, नंतर कुणी खणून काढू नये.)

दुसरा गिअर

खणायची गरजच नव्हती, पहिल्या ओळीपासून धूर येत होता. :)

पिटलेनची मावशी

बिनछत्रीचा, नशिबाचा हिशेब मांडायचाच तर सकाळपासून मांडा की. पात्रता फेरीच्या दुसऱ्या सत्रात स्ट्रोल आपटला, तेव्हा लाल झेंडा लगेच आला का? गाडी तिकडे भिंतीला टेकलेली आणि इकडे बाकीचे आपापली फेरी पुरी करून घेतायत. झेंडा आला तेव्हा मॅक्सची फेरी अर्धवट आणि घड्याळात वेळ शिल्लक नाही. केवढा चिडला होता तो. सकाळी जे खिशातून गेलं तेच दुपारी परत आलं, एवढंच.

आणि सतराव्यावरून दुसऱ्यापर्यंत तो लाल झेंड्याआधीच आला होता. ते कोणत्या टायरने?

सेन्नाष्टक

पाऊस आणि लाल झेंडा म्हटलं की मला १९८४ चं मोनॅको आठवतं. नवीन मुलांसाठी सांगतो. ब्राझीलच्या आयर्टन सेन्नाचं पहिलंच वर्ष, गाडी टोलमन, म्हणजे जिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही अशी. पुढे प्रॉस्ट मॅक्लॅरेनमध्ये. पाऊस असा की बोगद्याच्या तोंडाशीसुद्धा पाणी. सेन्ना दर फेरीला काही सेकंद खातोय, प्रॉस्ट हात हलवून शर्यत थांबवा म्हणून सांगतोय, आणि खरोखरच थांबवली. निकाल एकतिसाव्या फेरीचा धरला, प्रॉस्ट पहिला, सेन्ना दुसरा. सगळ्यांना निम्मे गुण.

आता खरी गंमत ऐका. पहिल्या क्रमांकाला तेव्हा नऊ गुण होते, प्रॉस्टला मिळाले साडेचार. वर्षाच्या शेवटी त्याचाच संघसहकारी लाउडा ७२ गुणांवर, प्रॉस्ट साडेएकाहत्तरवर. अर्ध्या गुणाने अजिंक्यपद गेलं! शर्यत पूर्ण होऊन सेन्नाने त्याला मागे टाकलं असतं, तरी दुसऱ्या क्रमांकाचे सहा मिळाले असते आणि तो अजिंक्य ठरला असता. शर्यत थांबवायला लावून प्रॉस्टने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तेव्हा लाल झेंडा कुणाला पावला हे त्याच दिवशी कळतं असं नाही.

चिखलस्वार

सेन्नाष्टक काका आले! आता पाच प्रतिसादांच्या आत डॉनिंग्टन येणार, लावा पैज.

सेन्नाष्टक

पाच कशाला, आत्ताच घे. डॉनिंग्टन, ११ एप्रिल १९९३. सेन्ना चौथ्या जागेवरून सुटला, सुरुवातीला पाचवा झाला, आणि पहिली फेरी संपताना पहिला. शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रॉस्ट, याच क्रमाने. त्याच शर्यतीत प्रॉस्ट सात वेळा पिटमध्ये गेला. पाऊस येतोय-जातोय म्हटल्यावर टायर बदलता बदलता बिचाऱ्याची दमछाक झाली. बस, झालं माझं.

चिखलस्वार

_/\_

कुंपणापलीकडची

मी साओ पावलोत राहते आणि दोन्ही दिवस तिथे होते, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा लांबणार, सांभाळून घ्या.

आमचं तिकीट सेक्टर जीचं, म्हणजे समोरच्या लांब सरळ पट्ट्यालगतचा भाग. डोक्यावर छप्पर नाही. शनिवारी पात्रता फेरीची वाट बघत आम्ही प्लॅस्टिकचे पातळ रेनकोट घालून बसलो होतो. बाहेरून पावसाने ओले आणि आतून घामाने. पायऱ्यांवरून पाणी असं वाहत होतं की पिशवी खाली ठेवायची सोय नाही, मांडीवर घेऊन बसायचं. सेफ्टी कार एक चक्कर मारायला निघाली की सगळे उठून ओरडणार, ती परत गेली की सगळे बसणार. असं किती वेळा झालं ते मी मोजणं सोडून दिलं. शेवटी रद्द झाल्याचं जाहीर केलं तेव्हा शिव्या झाल्याच, पण मागच्या रांगेतल्या लोकांनी गाणं सुरू केलं आणि जिना उतरेपर्यंत ते चालू होतं.

रविवारी पुन्हा अंधारात उठून रांगेत. मोजे शनिवारचेच, वाळले नव्हते.

टीव्हीवर तुम्हाला जे दिसलं त्यातलं आम्हाला काहीच दिसलं नाही, हे आधी कबूल करते. पावसातल्या शर्यतीत आधी आवाज येतो. मग पाण्याचा पांढरा लोट येतो. मग त्या लोटात एक लाल दिवा लुकलुकतो, आणि तो दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. पहिल्या गाडीचा तेवढा रंग कळतो. बाकी सगळ्या राखाडी. शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं की यातला मॅक्स कसा ओळखायचा. ते म्हणाले, सगळे ज्या रेषेतून जातात ती रेषा बघ, जो तिच्या बाहेरून जाईल तो मॅक्स. आणि खरंच, तळ्याकडच्या वळणाला शिरताना एकच लाल दिवा वेगळ्या जागी दिसायचा.

आमच्या आजूबाजूला कोलापिंतोसाठी आलेले अर्जेंटिनाचे पुष्कळ लोक होते, निळे-पांढरे झेंडे घेऊन. तो आपटला तेव्हा ते एकदम गप्प झाले आणि ब्राझीलवाल्यांनी जो काही आनंद केला... फुटबॉलचं सगळं जुनं येणं वसूल केलं म्हणा. लाल झेंडा लागला आहे याची बऱ्याच जणांना त्या गोंगाटात खबरही नव्हती.

दुसरा गिअर

कुंपणापलीकडची, प्रतिसाद फार आवडला. ओल्या मोज्यांचं वाचून मला इथे थंडी वाजली.

बिनछत्रीचा

ताई, मस्तच. पण आजोबांच्या त्या रेषेबद्दल कुणीतरी नीट सांगा. इतके पट्टीचे चालक, सगळ्यांना ठाऊक असणार की ओल्यात कुठून जायचं. मग एकटाच बाहेरून का जातो?

कार्टसोडला

हा माझा विषय. काही वर्षं कार्टिंग केलं, मग पाठीने सोडायला लावलं.

कोरड्यात जी आदर्श रेषा असते तिच्यावर रबर घासून घासून गुळगुळीत थर बसलेला असतो, थोडं तेलही. पाऊस पडला की तीच जागा साबणाच्या वडीसारखी होते. रबर न बसलेला डांबराचा भाग खरखरीत राहतो, पकड तिथे मिळते. म्हणून पावसात वळणाच्या आत न शिरता बाहेरून मोठा फेरा घ्यायचा. अंतर वाढतं, पण गॅस लवकर देता येतो. कार्टवाल्या पोरांना हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. पुस्तकी ज्ञान सगळ्यांनाच असतं हो, पण पकड कुठे आहे ते दर फेरीला बदलतं. पाणी साचतं, वाहतं, दुसऱ्यांच्या चाकांनी बाजूला होतं. दर वेळी हाताला आणि बुडाला नव्याने कळावं लागतं. मॅक्सला ते एक फेरी आधी कळतं.

माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. एका स्पर्धेत आयोजकांनी ओल्या ट्रॅकवर आम्हाला कोरड्याचेच टायर दिले, दुसरे नव्हतेच म्हणे. मी बाहेरची रेषा धरली, एकामागून एक तिघांना मागे टाकलं, आणि चौथ्याच्या वेळी आनंदाच्या भरात आतल्या साबणावर चाक गेलं. गाडी इतकी हळू फिरली की मला फिरताना सगळे चेहरे दिसले. हेल्मेटची काच धुकटलेली, ती पुसायला हात उचलला, आणि तेवढ्यात टायरांच्या कठड्यात. मागे टाकलेले तिघेही हात हलवून पुढे गेले.

ही चूक मॅक्स ६९ फेऱ्यांत एकदाही करत नाही. त्याच्या पुढचे कित्येक जण करत होते.

पिटलेनची मावशी

+१. आणि हे त्याने इंटरलागोसलाच २०१६ मध्ये केलं होतं. शेवटच्या पंधरा-सोळा फेऱ्यांत चौदाव्यावरून तिसरा. त्याच शर्यतीत चढावरच्या सरळ पट्ट्यावर गाडी आडवी झालेली त्याने भिंतीला न लावता परत सरळ केली होती. तेव्हा तर लाल झेंड्याचं दान नव्हतं.

निळा पट्टा

सगळं कबूल, पण मला वेगळाच राग आहे. निळ्या पट्ट्याचे टायर, म्हणजे जोराच्या पावसाचे फुल वेट, नेमके कशासाठी बनवतात? टायर बनवणाऱ्या पिरेल्लीच्या आकड्यांप्रमाणे ताशी ३०० किमी वेगाला तो एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला टाकतो, हिरव्या पट्ट्याचा, कमी पावसाचा इंटर ३० लिटर. म्हणजे टायर पाण्याला पुरतो. पण ते उडवलेलं पाणी जातं कुठे? मागच्याच्या डोळ्यांत. त्यात २०२२ पासूनच्या गाड्या तळाखालून हवा खेचून जमिनीला चिकटतात, त्या ट्रॅकवरचं पाणी उपसून हवेत उधळतात. तेव्हा फुल वेट घालण्याइतका पाऊस पडला की दिसत नाही म्हणून शर्यतच थांबवतात, आणि पुन्हा सुरू होते तेव्हा इंटर पुरतात. चाकांवर झाकणं लावून बघितली सिल्व्हरस्टोनला, नंतर फियोरानोला, तरी लोट काही पुरेसा कमी होईना.

मग आमच्यासारख्यांनी बघायचं काय? २०२१ चं बेल्जियमचं स्पा आठवा. सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या, एकही खरा ओव्हरटेक नाही, आणि निम्मे गुण वाटले. लोक दिवसभर डोंगरात भिजत बसले होते हो!

दुसरा गिअर

स्पाला त्या दिवशी रसेलला विल्यम्समधून दुसरं स्थान मिळालं ते मात्र हक्काचं होतं. पात्रता फेरी पावसातच झाली होती आणि ती त्याने खरोखर चालवली होती.

हळू चालवा

निळा पट्टा, राग समजतो, पण "थांबवतातच कशाला" या सुराला माझा ठाम विरोध आहे. जपानचं सुझुका, २०१४. ज्यूल बियांकी. ओला ट्रॅक, मावळता उजेड, आधी घसरलेली गाडी उचलायला क्रेन आत आलेली, आणि तो त्याच जागी घसरून क्रेनवर गेला. पुढच्या जुलैत गेला बिचारा, पंचवीस वर्षांचा. आठ वर्षांनी त्याच सुझुकाला, पावसातच, गॅस्लीच्या बाजूला पुन्हा एक क्रेन. त्याचा रेडिओवरचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांना विचारा शर्यत थांबवावी की नाही.

मी तेव्हापासून पावसाची शर्यत बघतो ती हात घट्ट आवळून. मजा येते, नाकारत नाही. पण लाल झेंडा आला की मला हायसं वाटतं.

निळा पट्टा

हळू चालवा, तुमच्यापुढे गप्प. माझा राग थांबवण्यावर नाही, दिसत नसतानाही तसल्याच गाड्या बनवण्यावर आहे. नीट लिहायला हवं होतं.

चिखलस्वार

वातावरण जड झालं, म्हणून एक प्रश्न. स्ट्रोलच्या त्या प्रकाराला काय म्हणावं? शर्यत सुरूसुद्धा झालेली नाही. ट्रॅक बघण्याची, टायर गरम करण्याची फेरी. चौथ्या वळणाला घसरला. ठीक आहे, होतं. गाडी धड आहे, समोर डांबर आहे, वळून ट्रॅकवर यायचं. साहेब उलट दिशेला वाळू-खडीत शिरले आणि रुतले!

दुसरा गिअर

शेतात जायची वाट चुकला नाही, एवढं मात्र मान्य करा.

पिटलेनची मावशी

हसू नका रे. त्याच संघातल्या अलोन्सोची गाडी सकाळी आपटली होती, मेकॅनिकनी मोजक्या तासांत जोडून दिली. गाडी इतकी आपटत होती की पाठ कामातून गेली, तरी केवळ त्यांच्या मेहनतीपायी अलोन्सोने शेवटची फेरी पुरी केली. आल्बनच्या गाडीला तेवढंही नशीब नाही, ती वेळेत उभीच राहिली नाही.

चिखलस्वार

आणि हुल्केनबर्ग! घसरला, अडकला, मार्शल लोकांनी ढकलून बाहेर काढलं, हा खुशाल निघाला, आणि मग काळा झेंडा. बाहेरची मदत घेतली म्हणून बाद. काळा झेंडा मी इतक्या वर्षांनी बघितला की आधी वाटलं टीव्हीच बिघडला.

तिसऱ्या रांगेतला

मूळ प्रश्नाकडे येऊ का? बिनछत्रीचा म्हणतात लाल झेंड्याला टायर बदलू देऊ नयेत. बदलू देण्याचं कारण साधं आहे. ट्रॅकवर कार्बनचे तुकडे पडलेले असतात, टायरला काय लागलंय सांगता येत नाही. पावसात तर ट्रॅक थांबला तेव्हाचा आणि सुरू होतानाचा वेगळाच असतो. त्याच टायरवर परत पाठवलं आणि कुणी उडाला तर पहिला धागा तुम्हीच काढाल.

आणि हा नियम आज मॅक्सला पावला, काल दुसऱ्याला पावला होता. इमोला २०२१, तेही ओलंच. हॅमिल्टन खडीत गेला, पुढचा पंख मोडला, एक फेरी मागे पडला. तेवढ्यात रसेल आणि बोटास एकमेकांवर आदळले, लाल झेंडा, हॅमिल्टनला फेरी परत मिळाली आणि तो दुसरा आला. तेव्हा हॅमिल्टनवाले गप्प, मॅक्सवाले बोंबलत होते. मोनॅको २०११ ला व्हेटेलचे टायर संपलेले, मागे अलोन्सो आणि बटन टपलेले, शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या. लाल झेंडा, नवे टायर, विषय संपला. ज्याच्या ताटात पडतं तो नियमाबद्दल बोलत नाही.

बिनछत्रीचा

इमोला मी विसरलो होतो. पण म्हणून अन्याय न्याय होतो का?

तिसऱ्या रांगेतला

नाही होत. पण बाहेर राहणं हा त्यांनी लावलेला डाव होता ना? पाऊस वाढतोय हे सगळ्यांना दिसत होतं. रसेलसुद्धा बाहेर राहू म्हणत होता, संघाने आत बोलावलं. त्या तिघांनी गुळगुळीत होत चाललेल्या इंटरवर पाण्यात गाडी धरून ठेवली. त्यातला एक जरी आपटला असता तर आज आपण त्याला मूर्ख म्हटलं असतं.

कार्टसोडला

हेच. जुन्या इंटरवर त्या पाण्यात गाडी सरळ ठेवणं म्हणजे काय, ते कठड्यातून बघितलेल्या माणसाला विचारा.

सेन्नाष्टक

एक अवांतर. त्याच इंटरलागोसला, याच शर्यतीच्या निमित्ताने, हॅमिल्टनने सेन्नाची १९९० ची मॅक्लॅरेन चालवली, ओल्या ट्रॅकवर, हातात ब्राझीलचा झेंडा घेऊन. शर्यत कुणी का जिंकेना, माझे पैसे तिथेच वसूल झाले. कुंपणापलीकडची, तुम्ही पाहिलंत का?

कुंपणापलीकडची

पाहिलं काका. मघाचेच आजोबा उभे राहिले, टोपी काढली आणि पावसात तसेच उभे. मी त्यांच्यावर माझी छत्री धरायला गेले तर हाताने बाजूला केली.

सेन्नाष्टक

...

बिनछत्रीचा

आज पुन्हा बघितली शर्यत, यावेळी कागद-पेन घेऊन. थोडी शरणागती पत्करतोय, टाळ्या वाजवू नका.

फुकटचे टायर एकट्या मॅक्सला नाही, तिघांना मिळाले. ओकॉन तर पुन्हा सुरू होताना सर्वांत पुढे होता. म्हणजे नशीब मोजायचं तर मॅक्सला नॉरिसशी नाही, ओकॉनशी ताडून बघायला हवं. सैंझच्या अपघातानंतरची सेफ्टी कार आत गेली ती त्रेचाळिसाव्या फेरीला. तिथेच पहिल्या वळणावर मॅक्सने ओकॉनला मागे टाकलं, आणि त्याच वळणावर माझा पठ्ठ्या नॉरिस रुंद जाऊन तीन जागा घालवून बसला. ती कुणाच्याही टायरची कृपा नव्हती, त्याची स्वतःची होती. उरलेल्या सव्वीस-सत्तावीस फेऱ्यांत मॅक्सने ओकॉनवर एकोणीस सेकंद काढले. फेरीमागे पाऊण सेकंदाच्या आसपास. तेच टायर, तोच पाऊस.

ओकॉन-गॅस्लीचं दुसरं-तिसरं येणं हे मात्र निम्मं लाल झेंड्याचंच, यावर मी अडून आहे. त्यांचा अल्पाइन संघ गुणतक्त्यात एका दुपारी नववा होता तो सहावा झाला.

नियम बदलावा हे अजूनही म्हणतो. निदान टायर बदललेल्यांना मागे पाठवा.

तिसऱ्या रांगेतला

मागे पाठवलंत तर मॅक्स पुन्हा सतराव्यावरून येईल. चालेल ना?

बिनछत्रीचा

राहू द्या. आहे तो नियम बरा आहे.

चिखलस्वार

बाकी सगळं राहू द्या हो, स्ट्रोलला कुणी सांगितलं का, शर्यत संपली म्हणून? अजून खडीत असेल.